धुराडे आणि त्याची काजळी



आपल्या कोल्हापूर भागात लग्नकार्याचे बोलावणे घेऊन माणूस दारात आला, म्हणजे जाताना तो एक शब्द मुद्दाम ठासून सांगतो. "चूलबंद आवतण आहे बरं का!" म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही; म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोराबाळांपर्यंत सगळ्यांनी आमच्या मांडवात जेवायचे. या आवतणाने पुरुषमंडळींना आनंद होतो तो गोडाधोडाचा. घरच्या बाईला होणारा आनंद वेगळा असतो. चूल पेटली नाही म्हणजे दुसऱ्या दिवशी उजाडता राख काढायची नाही, काळी भांडी घासायची नाहीत, पोतेरे फिरवायचे नाही. तिला एका दिवसाची सुटी मिळाली!

चुलीवर काय शिजले, कसे शिजले, याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. चूल साफ कोणी केली, कशी केली, याची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आज तीच सांगायची आहे. चंदगड तालुक्यातल्या एखाद्या पावसाळी गावात बसून ती ऐकली तर जास्त पटेल, कारण ओले जळण आणि काजळी यांचे नाते तिथल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही.

हे काम किती जुने म्हणायचे? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे १९६८ पासून कित्येक वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे तिथे सापडली. मातीच्या बुटक्या भिंती, चोपलेल्या जमिनी, धान्याच्या कणग्यांच्या जागा आणि चुली. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात शेती करणारा माणूस घर बांधून राहू लागला, तेव्हापासून चूल घरात आहे, आणि ती घरात आहे तेव्हापासून कोणीतरी रोज सकाळी तिची राख उपसत आले आहे. राख उपसणाऱ्या हातांची खूण मात्र कुठल्याही उत्खननात सापडत नाही.

संस्कृतात चुलीला चुल्ली म्हणतात. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातली पाच हिंसेची ठिकाणे सांगितली आहेत, त्यांत पहिले नाव चुलीचे. मग पाटा-जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या जागी बारीकसारीक जीव नकळत मरतात, त्याचे पाप लागते, असा तो विचार. पापाचे प्रायश्चित्त म्हणून गृहस्थाला यज्ञ सांगितले. चुलीपाशी वाकून बसणाऱ्या बाईच्या स्वतःच्या जिवाचे तिथे काय होते, हा प्रश्न कोणाला पडला नाही. तो पडायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. त्याकडे पुढे येऊच.

आता चंदगडच्या बाजूची चूल पाहू. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला. पारगड, कलानिधीगड, तिलारीचे रान, आणि पाऊस असा की आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. (हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापूर जिल्ह्यात आला. जिल्हा बदलला, पाऊस आणि चूल जिथल्या तिथे राहिली.) अशा मुलखात चूल म्हणजे नुसते भात-भाकरीचे साधन नव्हे. तिच्यावर टांगलेल्या बांबूच्या माळ्यावर ओले जळण सुकते, पावसाळ्यासाठी ठेवलेले काहीबाही टिकते. बियाणे धुरात राहिले म्हणजे त्याला कीड कमी लागते. कौलाखालचे वासे, रिपा धुराने काळ्या होतात खऱ्या, पण त्यांना पोखरणारे किडेही दूर राहतात. हे मी धुराच्या बाजूने का सांगतो आहे? तर शहरातून आलेले सुधारक जेव्हा म्हणाले, "धूर घालवा," तेव्हा खेड्यातल्या बायका लगेच हो का म्हणाल्या नाहीत, ते कळावे म्हणून. त्या अडाणी नव्हत्या. धुराचा उपयोग त्यांना ठाऊक होता आणि त्याची किंमतही त्याच मोजत होत्या.

आता राखेविषयी थोडे सांगतो, कारण स्वच्छतेचा सगळा जुना संसार तिच्यावर चालला.

रात्री जेवणे झाली की निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी ती राख बाजूला सारून, शेणीचा तुकडा लावून, फुंकणीने पुन्हा जाळ करायचा. आगपेटी महाग होती, कित्येक घरी नव्हतीच. विस्तव विझला तर शेजारणीकडे शेणी घेऊन विस्तव मागायला जायचे. राखेने विस्तव राखायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच राखेने भांडी घासायची. ही राख तेलकट भांडे साफ करते ती कशाने? नुसत्या खरखरीतपणाने नव्हे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट नावाचा क्षार असतो. तो पाण्यात विरघळतो आणि भांड्याच्या तेलकटाशी त्याची गाठ पडली की थोडा साबणासारखा पदार्थ तयार होतो. पोटॅश हा इंग्रजी शब्दच मुळी भांडे आणि राख या दोन शब्दांपासून झाला. पूर्वी राखेचे पाणी भांड्यात आटवून हा क्षार काढीत.

गुरुजी, हा प्रयोग शाळेत दोन आण्यांचाही खर्च न करता होतो. तांब्याभर पाण्यात मूठभर राख कालवा, रात्रभर निवळू द्या. पांढऱ्या कागदाला ओली हळद चोळून वाळवा. सकाळी वरचे नितळ पाणी त्या कागदावर टाका. पिवळा कागद लालसर होतो. आपण हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखा रंग येतो, त्याचेच हे भावंड. मुलांना सांगा, की तुमची आजी रोज सकाळी जे करीत होती ते रसायनशास्त्र होते. मात्र त्या पाण्यात हात फार वेळ ठेवू देऊ नका, कातडी सोलवटते. आजीच्या बोटांना भेगा का असत, तेही त्यातूनच मुलांना समजेल.

राख जितकी कामाची तितकी काजळी त्रासाची. लाकूड वाळलेले असेल, हवा नीट मिळत असेल, तर जाळ पिवळा-निळा, स्वच्छ पेटतो. लाकूड ओले असले म्हणजे उष्णतेचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यातच जातो. जाळ थंडावतो, अर्धवट जळालेला कोळसा अतिबारीक कणांनी उडतो, लाकडातला डांबरासारखा चिकट पदार्थ धुराबरोबर वर जातो आणि जिथे गार जागा मिळेल तिथे बसतो. तीच काजळी. भांड्याच्या बुडाला, भिंतीला, वाशाला, आणि चूल फुंकणाऱ्या बाईच्या छातीत. दिव्याची काजळी डोळ्यांत घालायला आणि पोथीची शाई करायला तरी उपयोगी पडली. चुलीच्या काजळीला असा मान कधी मिळाला नाही.

आता थोडे सातासमुद्रापलीकडे जाऊ. आपल्याकडे धूर घरभर फिरत होता, तेव्हा विलायतेत तो धुराड्यातून बाहेर जात होता. मग काजळी कुठे गेली? ती धुराड्याच्या आत बसली! धुराडे साफ केले नाही तर ओढ कमी होते, धूर उलटा घरात येतो, आणि आतला डांबरी थर एखाद्या दिवशी पेटून घराला आग लागते. म्हणून लंडनसारख्या शहरांत धुराडी झाडण्याचा एक धंदाच उभा राहिला. अरुंद धुराड्यात मोठा माणूस मावत नाही, म्हणून गरिबांची पाच-सहा वर्षांची पोरे आत चढवीत. कोपर आणि गुडघे खरचटत ती वर जात. कित्येक आत अडकून गुदमरून मेली. १७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या शस्त्रवैद्याने दाखवून दिले, की लहानपणी हे काम केलेल्यांना पुढे जांघेजवळच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण घडीत बसलेली काजळी आहे. एखाद्या धंद्यातल्या पदार्थाने कर्करोग होतो, हे जगात प्रथम कळले ते काजळीवरून.

कायदे झाले. १७८८ चा झाला, १८४० चा झाला. लोकांनी ते मोडले. लांब काठीचे ब्रश एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच निघाले होते, पण पोर स्वस्त पडत होते. अखेर १८७५ साली जॉर्ज ब्रूस्टर नावाचा बारा वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा एका इस्पितळाचे धुराडे झाडताना अडकून मेला, आणि त्याच वर्षी धुराडी झाडणाऱ्यांना परवाना लावणारा कडक कायदा आला. शंभर वर्षे लागली. या गोष्टीत मला एक लक्षात ठेवण्यासारखे वाटते: विलायतेने धुराड्याबरोबर ते झाडणारा माणूसही मानला. त्याच्यावर अन्याय केला, पोरांचे जीव घेतले, पण धुराडे आपोआप साफ होते असे कोणी समजले नाही.

आपण मात्र तसे समजलो.

आपल्याकडे निर्धूर चुलीचा विचार वर्ध्याला सुरू झाला. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत आणि त्याचे ठाणे मगनवाडीत होते. तेल्याचा घाणा, कागद, मधमाश्या यांच्याबरोबर तिथे चुलीवरही प्रयोग झाले. त्यातून 'मगन चूल' निघाली. मातीच्या एकाच ओट्यात एकामागे एक भांडी ठेवायची. पुढच्या भांड्याखालचा जाळ मागच्याखालून जाऊन शेवटी धुराड्यातून बाहेर पडायचा. मगनवाडी हे नाव मगनलाल गांधींच्या आठवणीचे. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी अशीच चूल तयार केली आणि १९५३ साली कोट्यवधींच्या निर्धूर स्वयंपाकघरांविषयी इंग्रजी पुस्तिका काढली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली होती. गावोगाव ग्रामसेविका जाऊ लागल्या. संडास, सोपखड्डा आणि निर्धूर चूल ही त्यांच्या कामातली ठरलेली नावे. जुन्या माणसांना ती अजून आठवत असतील.

त्याच सुमारास वैद्यकानेही तोंड उघडले. डॉ. एस. पद्मावती या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी डॉ. पाठक यांच्यासह १९५९ साली दिल्लीतल्या १२७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. फुप्फुसे खराब होतात, त्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते, असा तो आजार. तो विडीकाडी ओढणाऱ्या पुरुषांत असावा हे समजण्यासारखे होते. पण ज्यांनी जन्मात विडी हातात धरली नाही अशा बायकांतही तो मोठ्या प्रमाणावर निघाला. बाईंनी बोट ठेवले ते चुलीच्या धुरावर. पुढे १९८१ साली कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातेतल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच धूर मोजण्याचे यंत्र लावले. एरवी यंत्रे शहरातल्या चौकांत लावीत, कारण धूर म्हणजे गिरण्यांचा आणि मोटारींचा असे सगळे धरून चालत. मोजले तेव्हा आकडे शहरातल्या घाणेरड्या हवेच्या कित्येक पट निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली गेली.

म्हणजे दुखणे ठाऊक होते, औषधही ठाऊक होते. १९८३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या 'अस्त्र' केंद्राने तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' काढली होती. ओले म्हणजे कानडीत चूल, हे चंदगडकरांना सांगायला नको. आपल्या महाराष्ट्रात 'लक्ष्मी' नावाची दोन भांड्यांची धुराड्याची चूल गावोगाव बसली. २००२ साली हा कार्यक्रम बंद होईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. तीन कोटी! मग घरोघरचा धूर गेला का?

ज्यांच्या घरी ती चूल होती, त्यांनी उत्तर मनाशी द्यावे. पहिल्या वर्षी धूर गेला. भिंत पांढरी राहिली, डोळ्यांची आग थांबली, बाई खूश. दुसऱ्या पावसाळ्यात चूल कुरकुरू लागली. जाळ धरीना, धूर तोंडातून बाहेर येऊ लागला. मग कोणी मागचे भोक बुजवले, कोणी धुराडे काढून टाकले, कोणी ओटाच फोडून जुनी तीन थानांची चूल पुन्हा मांडली. "सरकारी चूल चालत नाही" असा शेरा बसला.

चूल चालत नव्हती, कारण धुराडे काजळीने भरले होते. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ४४ गावांतल्या सुमारे २६०० घरांत सुधारित चुली चार वर्षांपर्यंत पाहिल्या. २०१२ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर खरोखर कमी झाला, पुढच्या वर्षांत फरक उरला नाही. चुलीची डागडुजी होईना, मग वापरही कमी होत गेला. या निष्कर्षावर विद्वानांत वाद झाले. चूलच निकृष्ट होती असेही काहीजण म्हणाले. असेल. पण वर्ध्यापासून ओडिशापर्यंत पन्नास-साठ वर्षांत दर खेपेला एकच गोष्ट विसरली गेली. योजनेत चुलीचा साचा होता, गवंड्याचे प्रशिक्षण होते, अनुदान होते, मोजणीचा तक्ता होता. महिन्या-दोन महिन्यांनी धुराडे कोण झाडणार, याचा रकाना नव्हता. ते काम न बोलता घरच्या बाईवर टाकले होते. आणि ती ते करू शकत नव्हती. धुराड्याचे टोक कौलांच्या वर असते. कौलावर बाईने चढायचे नाही, असा आपला रिवाज!

आता गुऱ्हाळाकडे पाहा. ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात गुऱ्हाळाचे चुलवाण कोणाला ठाऊक नाही? काहिलीखाली चिपाडे घालायला वेगळा माणूस असतो आणि त्याला मजुरी मिळते. चुलवाणातली राख वेळच्या वेळी निघते. धुराड्याची ओढ कमी झाली तर गुळव्या आरडाओरडा करतो, कारण जाळ बिघडला की गुळाचा रंग बिघडतो आणि रंग बिघडला की भाव पडतो. तिथे चूल साफ ठेवण्याला पैसा आहे, म्हणून माणूस आहे. घरच्या चुलीवर रोज जे शिजते त्याला बाजारभाव नाही, म्हणून तिचे धुराडे कोणाचेच नाही. मला तरी दोन चुलींतला फरक एवढाच दिसतो.

बरे, आता ज्यांच्या घरी अजून चूल आहे त्यांनी ती झाडायची कशी ते सांगतो. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत गॅस आला हे खरे. पण ओट्यावर गॅस आणि मागच्या पडवीत चूल, अशी दोन स्वयंपाकघरे आपल्या गावांत सर्रास दिसतात. सिलिंडर संपला, पाणी तापवायचे आहे, उकडा तांदूळ शिजवायचा आहे, नाचणीची भाकरी विस्तवाला लावून फुगवायची आहे, रताळी भाजायची आहेत, चूल पेटतेच.

चूल पूर्ण थंड झाल्याशिवाय हात घालू नये. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो, हे आपण वर पाहिलेच. काढलेली राख लोखंडी घमेल्यात काढावी. पोत्यात नको, प्लास्टिकच्या बादलीत नको आणि गवताच्या गंजीजवळ तर मुळीच नको. सगळी राख खरवडून काढायचे कारण नाही. तळाशी बोटभर थर राहिला तर चूल उष्णता धरते. जाळाला हवा जायची वाट तेवढी मोकळी पाहिजे.

धुराडे कोरडेच झाडावे. वरून पाणी ओतण्याची चूक पुष्कळजण करतात. पाण्याने काजळीचा चिखल होतो, तो जास्तच चिकटतो आणि मातीचा ओटा आतून ढासळतो. लांब वेळूच्या टोकाला काथ्याची किंवा नारळाच्या सोडणाची घट्ट मोळी बांधावी आणि ती वरून खाली चार-सहा वेळा फिरवावी. त्याआधी चुलीचे तोंड ओल्या गोणपाटाने झाकावे, नाहीतर सगळी काजळी माजघरात यायची. झाडणाऱ्याने नाकातोंडाला फडके बांधावे. खाली पडलेली काजळी मागच्या भांड्याच्या भोकातून काढावी. बहुतेक चुलींत दोन भांड्यांमधल्या नळीत ती साठते आणि तिथे कोणी पाहतच नाही. जुने धुराडे सिमेंटच्या ॲस्बेस्टॉस नळाचे असेल तर ते खरवडू किंवा कापू नये. त्याची धूळ फुप्फुसांना फार वाईट. ते सरळ बदलून घ्यावे.

ओट्याला पडलेल्या भेगा माती आणि भाताचे तूस कालवून बुजवाव्यात. एवढीशी भेगसुद्धा धुराड्याची ओढ मारते. मग नेहमीसारखे पोतेरे फिरवावे. शेणातल्या तंतूंनी माती धरून राहते, म्हणून सारवण टिकते. (याच शेणाला आणि राखेला औषध समजून बाळाच्या नाळेला मात्र कधी लावू नये, त्यातून धनुर्वात होतो.)

भांड्यांचे म्हणाल तर घासण्यापेक्षा काळी न होऊ देणे सोपे. चुलीवर चढवण्याआधी बुडाला बाहेरून राख-मातीचा पातळ लेप द्यायची आपल्या आयांची रीत होती. काजळी त्या लेपावर बसते आणि पाण्याच्या एका हाताबरोबर निघते. लोखंडी तवा-कढईला राख चालते, तांब्या-पितळेला चिंच किंवा लिंबू. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला राख किंवा सोडा घासू नये. त्यातला क्षार त्या धातूला खातो आणि पातेले काळे पडते. तिथे साधा साबण बरा.

चंदगडकरांसाठी आणखी एक सांगायचे म्हणजे काजूची टरफले. तालुक्यात काजू फोडण्याचे कारखाने पुष्कळ, टरफले मिळतात आणि जळतातही भराभर. पण त्यांच्यात कातडी भाजणारे तेल असते. त्याचा धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो आणि धुराड्यात चिकट थर बसवतो. घरच्या चुलीत ती घालू नयेत. गॅसच्या शेगडीचे बर्नरही याच नियमाचे. जाळ निळ्याचा पिवळा झाला, भांड्याचे बूड काळे पडू लागले, की भोके तुंबली असे समजावे. बर्नर थंड असताना काढून साबणाच्या पाण्यात भिजवावा, भोके सुईने मोकळी करावीत आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवावा.

राहिला प्रश्न धुराड्याच्या वरच्या टोकाचा. आपल्याकडे मृगाच्या आधी घर शाकारायची रीत आहे. वैशाखाच्या अखेरीला घरचा कर्ता पुरुष, नाहीतर तरणा मुलगा, कौलांवर चढतो. फुटकी कौले बदलतो, सरकलेली नीट करतो, पाला-कचरा झाडतो. धुराडे तिथेच त्याच्या हाताशी असते. शिडी लावलेली असते, वेळू दारात असतो, आणि त्यानंतर चार महिने चुलीत ओलेच जळण जायचे असते. तेव्हा त्याच दिवशी, कौलांवरून उतरण्याआधी, त्याने वेळू धुराड्यात घालावा. खाली चुलीपाशी घमेले धरून कोणी बसायचे ते नवरा-बायकोने आपसात ठरवावे. दुसरी खेप दिवाळीच्या साफसफाईला, पाऊस गेला आणि शिडी पुन्हा बाहेर निघाली म्हणजे.